बिनसांध्याचं चित्र

देवेन्तर गावातल्या मोठ्या चर्चमध्ये मी गेले ती भर दुपारी, डब्यात चीज-पाव घेऊन. काम नेहमीचंच. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवायचा, थोडाथोडा फिरवत फोटो काढायचे आणि घरी संगणकावर एकाला एक जोडून अख्खं चर्च एका चित्रात आणायचं. एवढी मोठी इमारत एका फोटोत मावतच नाही.

जोरितची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, पहिली बायको हिस्के यात पटाईत. ती जाऊन वर्षं झाली, तरी घरात कौतुक तिचंच. तिच्या चित्रांत सांधा दिसत नाही. माझ्या चित्रांत खांब मोडतात. जोरितच्या पुस्तकात सगळी चर्चेस तिनेच टिपलेली, हे एकच राहिलं होतं. ते जमलं तर पुस्तकावर माझंही नाव येणार होतं, आणि मला ते हवंच होतं. मेलेल्या बाईवर जळणं शोभत नाही म्हणे. न शोभू दे. मी जळत होते.

चर्चची देखभाल करणारा म्हातारा बेरेंड किल्ल्या वाजवत आला. "आधीच्या बाई खांबाला हात लावून मग सुरुवात करायच्या."

"मग त्यांनाच बोलवा की."

तो जाता जाता हळूच म्हणाला, "बोलवायला कशाला लागतंय..."

निम्मे फोटो झाले आणि ऑर्गनजवळचा दिवा फडफडायला लागला. तो बंद करायला सांगावं म्हणून मी दारापर्यंत गेले. बेरेंड कुठे दिसेना. पांढऱ्या भिंती, पायाखाली थडग्यांच्या फरशा, ओल्या दगडाचा वास. मागे फोटो काढल्यासारखा खट्... असा आवाज झाला. जरा थांबून पुन्हा खट्... कसलीही घाई नसलेला. मी वळले. ऑर्गनकडे तोंड करून ठेवलेला कॅमेरा माझ्याकडे बघत होता. स्क्रू ढिला असेल, असं स्वतःला बजावलं, पण पुढे काही काढवेना. सामान गुंडाळून निघाले.

घरी फोटो जोडायला घेतले, तर मी निम्मेच काढलेले असूनही एकही कमी नव्हता. खांब सरळ, कमानी जागच्या जागी. जोरित माझ्या खांद्यावरून वाकला.

"अलीद... हे तू केलंस?"

या आवाजासाठी मी किती तळमळले होते. "हो," म्हणून मोकळी झाले.

मग त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "ही दाराजवळची बाई तेवढी काढून टाक. उगाच मध्ये आलीय."

ती बाई मी होते. माझा कोट, माझा लाल स्कार्फ, वळताना हललेला पुसट चेहरा. माझ्या नवऱ्याने मला ओळखलं नाही.

"नाही काढणार," म्हटलं आणि तरातरा वर जाऊन झोपले.

सकाळी खाली आले तर तो कॉफी घेऊन चित्रासमोर बसलेला. दाराजवळ आता कोणीच नव्हतं. फरशीची रेघ कुठेही न तुटता उंबऱ्यापर्यंत गेली होती.

"आता कसं अगदी तिच्यासारखं झालं," तो म्हणाला.

"मला पुसलंस तू?"

"मी? पहाटे तूच तर बसली होतीस इथे. हाक मारली तर वळलीही नाहीस... म्हटलं, अजून रुसलीय. मग मानेवर ओठ टेकवले, तेव्हा कुठे हसलीस." त्याने ओठांवरून बोट फिरवलं. "किती गार पडली होतीस गं..."

मी रात्रभर खाली उतरलेच नव्हते. खरं सांगते, भीती नंतर वाटली. आधी तोंडातून निघालं ते एवढंच, "किती वेळ बसला होतास तिच्याजवळ?"