दुसरी तपासणी

"पोरींनो, खरं सांगा. एकमेकींची कार्डं वापरता की नाही?"

रात्रपाळीला अर्धा तास होता. होस्टेलच्या पायऱ्यांवर आम्ही चौघी, आणि स्टुलावर वॉचमनकाका.

"वापरतो," मी म्हणाले. "तीस खाटांना एक सिस्टर ठेवायची, आणि सलाइनचा पंप म्हणणार, दोघींनी तपासा. दुसरी काय आभाळातून आणायची?"

"तिथूनच आली होती एकदा," काका म्हणाले.

कुणीतरी हसलं. काका हसले नाहीत.

"माझ्या मावसबहिणीची गोष्ट. आम्ही तिला ताई म्हणायचो. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली, नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या पगारावर. तेवीस जानेवारी, मंगळवार. रात्री अडीचला ती खालच्या औषधाच्या खिडकीवर गेली, नऊ नंबरच्या खाटेसाठी बाटली आणायला. हृदयाचं औषध, थेंबाथेंबानं जाणारं. पंप तेव्हा नुकतेच कॉम्प्युटरला जोडले होते. एकीनं बाटली लावून आपलं कार्ड टेकवायचं. मग दुसरीनं बाटली बघायची, तिचं कार्ड टेकवायचं आणि 'मान्य' किंवा 'नकार' दाबायचं. त्याशिवाय थेंब सुटत नाही. तुम्हाला मी काय सांगणार.

"वॉर्डात रात्री ताई एकटी. पण खणात एक कार्ड होतं, मोठ्या सिस्टरांचं. औषध तपासलं की लेबलावरच्या आकड्याला निळ्या पेनानं गोल करायच्या, त्या. त्यांना जाऊन महिना झाला होता. ताई ते टेकवायची, स्वतःच 'मान्य' दाबायची. अकरा रात्री पंप बिनबोभाट चालले."

"गेलेल्या बाईचं कार्ड? ऑफिसनं बंद नाही केलं?"

"दम धर, बाई.

"त्या रात्री ताईनं बाटली लावली. आपलं कार्ड टेकवलं. मग मोठ्या सिस्टरांचं. 'मान्य' दाबायला बोट पुढे केलं... बोट हवेतच होतं. पडद्यावर आलं, नकार.

"चुकून हात लागला असेल. तिनं पुन्हा टेकवलं.

"नकार.

"वॉर्ड झोपलेला. मागे कुणी नाही. आपलाच धक्का लागतोय की काय, म्हणून तिनं एक हात पाठीमागे घेतला. मग फक्त कार्ड पुढे केलं. दोन बोटांत धरून.

"नकार.

"...तेव्हा तिनं बाटली वाचली. औषध तेच. पण दहापट जोराचं. खिडकीवरून चुकीची बाटली आली होती. पंप सुटला असता, तर नऊ नंबर सकाळ बघत नव्हता."

आमच्यातल्या एकीनं गळ्यातलं कार्ड मुठीत धरलं.

"ताईनं मेट्रनला सगळं खरं सांगितलं. तिथेच फसली. कॉम्प्युटरवाला म्हणाला, हे कार्ड त्या वारल्या त्याच दिवशी बंद केलंय. बंद कार्ड टेकवलं तर पंप 'अनोळखी' म्हणतो, पुढे सरकतच नाही. आणि पंपाच्या यादीत बघतात तर मोठ्या सिस्टरांच्या नावावर अकरा 'मान्य'. तीन 'नकार'. मेट्रन म्हणाली, 'ऑफिसातल्या कुणाला हाताशी धरलंस?' खरं सांगू? मलाही तेच वाटलं. सख्खी नसली तरी बहीण, आणि मी तिच्याकडे चोरासारखा बघत होतो.

"ती बाटली मेट्रननं सगळ्यांसमोर पिशवीत घातली. फोटो काढला. सील लावलं, सीलवर सही केली. कपाटाची किल्ली स्वतःकडे. आठ दिवसांनी चौकशी बसली. ताईला काढायचं पत्र टाइप होऊन टेबलावर तयार होतं. मला तिनं आधाराला नेलं होतं, मी दाराशी उभा.

"सील तपासलं. शाबूत. सही तीच. कात्रीनं पिशवी कापली.

"मेट्रननं बाटली काढली... आणि उजेडात धरली.

"फोटो शेजारी ठेवला. फोटोत लेबल कोरं होतं. बाटलीवर जोराच्या आकड्याभोवती निळ्या पेनानं गोल केलेला.

"एक साहेब म्हणाले, 'आत्ता कुणी केला हा?' कुणाच्याच हातात पेन नव्हतं. पत्र कुणीतरी उलटं करून ठेवलं. ते पुन्हा सुलटं झालं नाही.

"मेट्रननं त्या गोलावरून अंगठा फिरवला.

"...शाई पसरली."