बोर्दानी कोट, साईज पन्नास

“जगाचा इतिहास दोनच गोष्टींनी घडला आहे,” जाफर मुकादम म्हणाले. “एक तेल आणि दुसरा कोट. तेल कुवेतकडे होतंच. आता कोटही आला. १९६४ हे साल विसरू नकोस!”

हे त्यांनी लुंगी आणि भोकं पडलेला गंजिफ्रॉक घालून सांगितलं. ज्यांना सांगितलं त्या त्यांच्या पत्नी स्वयंपाकघरात बांगडे तळत होत्या. कढईचा आवाज मोठा होता. इतिहास तिथपर्यंत पोचला नाही.

शहरबानू मुकादम मिरगाब मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत चौदा एकट्या पुरुषांची खानावळ चालवत. उरलेल्या वेळात त्या कुवेतमधल्या रत्नागिरी-कुलाबाकरांच्या खाजगी तपासनीस होत्या. आजवरची प्रकरणं अकरा: नऊ हरवलेले पासपोर्ट, एक पळालेली बकरी आणि एक पळालेला नवरदेव. शेवटची दोन एकाच मोटारीत सापडली. जाफरभाई त्यांचे मदतनीस. म्हणजे ते मागून चालत आणि चुकीच्या माणसावर संशय घेत.

दार वाजलं. बाहेर यूसुफ होडेकर उभा होता. खेडचा टेलर, गळ्यात टेप तसाच.

“भाभी, कोट गेला.”

“कुणाचा?”

“बोर्दानीचा.”

जाफरभाई ताडकन उठले. बोर्दानी म्हणजे मिलानच्या एका गल्लीत दोन भावांनी काढलेलं पुरुषांच्या कपड्यांचं दुकान. मग पॅरिस, मग लंडन, मग बैरूत, आणि उद्या सकाळी दहाला कुवेत. हे सगळं त्यांना पाठ होतं. दुकानाच्या काचेवर लिहिलेलं होतं आणि समोरच त्यांच्या बसचा थांबा होता.

“बस आणि नीट सांग,” शहरबानू म्हणाल्या.

यूसुफने सांगितलं. कंपनीची रीत अशी, की नव्या शहरात मिलानहून एक नमुन्याचा कोट येतो. तिथल्या टेलरने त्याचा जुळा भाऊ शिवायचा. टाक्यालाही फरक नको. मग कंपनीचा माणूस, सिन्योर रिनाल्दी, उद्या दोन्ही शेजारी ठेवून बघणार. पसंत पडला तर टेलर कायम.

“माप कुणाचं?”

“साहेबांचंच. साईज पन्नास. त्यांचे खांदे बरोब्बर पन्नासचे, म्हणून तर कंपनी त्यांना जगभर पाठवते.”

“आणि कोट कधी गेला?”

“दुपारी. साडेबाराला दुकान बंद झालं, चारला उघडलं. रॅकवर दोन कोट होते, एकच राहिला. लेबलवाला गेला, बिनलेबलाचा राहिला. म्हणजे मिलानचा गेला आणि माझा राहिला. मॅनेजर म्हणतात, मीच लपवला, साहेबाने शेजारी ठेवून बघू नये म्हणून.”

“तुला भीती होती का तशी?”

यूसुफने मान खाली घातली. “खोटं नाही बोलत, भाभी. कंपनीने कापड पाठवलं, अस्तर, बटणं, धागा, सगळं पाठवलं. खिशाच्या पिशवीचं कापड विसरले. मी पेटीतला मांजरपाट लावला. साहेबाने खिशात हात घातला की मेलो, असं वाटत होतं. आता खिशासकट मेलो.” त्याने गळ्यातला टेप बोटाभोवती गुंडाळला. “माझी बायको, सईदा, बोटीत बसलीय. परवा उतरेल. नोकरी पक्की झाल्यातच जमा म्हणून बोलावली मी तिला. उद्या काढलं तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवानाच रद्द. तिला त्याच बोटीने परत न्यायची का?”

शहरबानूंनी बांगडे उतरवले आणि बुरखा घेतला.

“अहो, सदरा-पायजमा घाला.”

दुकान थंडगार होतं. मॅनेजर अब्बास पारकर मात्र घामाघूम होता. टाय सैल करायची त्याला हिंमत नव्हती.

“साहेबांना अजून सांगितलेलं नाही,” तो कुजबुजला. “सातला येतील. तोवर कोट मिळाला नाही तर मला कफीलासमोर, दुकानाच्या कुवेती जामीनदारासमोर, उभं राहावं लागेल. यूसुफ, तू बाहेर बाकावर बस! पुराव्याजवळ यायचं नाही.”

पुरावा म्हणजे उरलेला कोट. अब्बासने तो काचेच्या कपाटात कुलपात ठेवला होता. यूसुफ काचेतून त्याच्याकडे बघत बाहेर गेला, इस्पितळात पोराला बघावं तसा.

“कपाट उघड,” शहरबानू म्हणाल्या.

“भाभी, हात…”

“धुतलेत.”

त्यांनी कोट चाचपला, खिशात हात घालून पिशवी बाहेर ओढली. तपकिरी, चकचकीत, रेशमासारखी. पुन्हा आत सारली.

“गुळगुळीत आहे,” त्या म्हणाल्या.

“बटणं बघ ना, बटणं!” जाफरभाई म्हणाले. “चोर नेहमी बटणांत सापडतो.”

पहिली पाळी कासमची. कासम इस्त्रीवाला, राजापूरचा, दीडशे किलोचा आणि बाळासारखा हसरा.

“सकाळी दोन्ही कोटांना वाफ दिली. माझा नियम आहे भाभी, रेशमी लेबल असेल तर आधी उसवायचं. नायतर वाफेने गोळा होतं. मग दोन्ही थंड झाले की लेबल परत टाचून दिलं.”

“कुठल्या कोटाला?”

“मिलानच्या.”

“तो मिलानचा हे कसं कळलं?”

“कळतं की! खांदा बघा ना, पाणी ओतल्यागत. विलायती माल लपत नाय.”

“यूसुफने पाहिलं हे?”

“तो मागे पडदे शिवत होता. साहेब होते इथे. सकाळी आले ते नुसत्या सदऱ्यावर! काल कोटावर कॉफी सांडली, हॉटेलात धुवायला टाकलाय. टाय लोंबत होता. मला हसू आवरेना.”

“हा हसतोय फार,” जाफरभाई बायकोच्या कानात म्हणाले. “आणि याच्या पोटाखाली चार कोट लपतील.”

मग अब्बास.

“दुपारी कुलूप कुणी लावलं?”

“मीच. किल्ली एकच, माझ्या खिशात. आधी कासम आणि यूसुफ गेले. रिकाम्या हाताने, मी स्वतः बघितलं. मग साहेब. मग मी.”

“साहेबांच्या हातात काही?”

“काही नाही! भाभी, त्या माणसावर संशय? पंचेचाळीस डिग्री ऊन, पण कोटाची बटणं लावून, मान ताठ ठेवून चालत गेले. करड्या कोटाशिवाय मी त्यांना रस्त्यावर कधी पाहिलं नाही. मी मनात म्हटलं, अब्बास, याला म्हणतात कंपनी!”

शहरबानू खुर्चीत टेकल्या. “झालं. साहेब आले की यूसुफला आत बोलवा.”

“चोर मिळाला?” अब्बासने विचारलं.

“चोर नाही. कोट मिळाला.”

बरोबर सातला सिन्योर रिनाल्दी आले. साठीचे, चांदीचे केस, करडा कोट, सगळी बटणं लावलेली. त्यांनी प्रत्येकाशी हात मिळवला. शहरबानूंना वाकून सलाम केला. जाफरभाई त्यांच्या बुटांकडे संशयाने बघत होते.

“अब्बास, साहेबांना विचार, अंगातला कोट कसा बसतो.”

अब्बासने भीत भीत इंग्रजीत विचारलं. रिनाल्दी खुलले. आरशासमोर गेले, एक गिरकी घेतली.

“परफेत्तो! मिलान, पॅरिस, बैरूत, खांदा एकच! म्हणून तर बोर्दानी जगात चाललाय. असा खांदा जगात दुसरं कुणी शिवू शकत नाही.”

“आता त्यांना सांग, खिसा बाहेर काढा.”

रिनाल्दींनी खिसा ओढला. पांढरा, खरबरीत मांजरपाट बाहेर लोंबला. त्यावर मुंबईच्या गिरणीचा निळा शिक्का होता.

दारात यूसुफने कपाळावर हात मारला.

“सोपं होतं,” शहरबानू म्हणाल्या. “साहेब सकाळी सदऱ्यावर आले, हे एकट्या कासमने पाहिलं. दुपारी कोट घालून गेले, हे अब्बासने पाहिलं. मधला कोट कुठून आला, हे कुणीच विचारलं नाही. जो माणूस रोज कोट घालतो, त्याच्या अंगावरचा कोट कुणी बघत नाही. साहेबांना दाराबाहेर पडताना कोट चढवायची सवय. रॅकवर त्यांच्याच मापाचा, त्यांच्याच रंगाचा, त्यांच्याच कंपनीचं लेबल लावलेला कोट होता. हात आपोआप गेला.”

“पण लेबलवाला तर मिलानचा!” अब्बास म्हणाला.

“लेबल कासमने उसवलं आणि परत टाचलं. दोन कोटांत मिलानचा कुठला, हे त्याने खांदा बघून ठरवलं. जो जास्त बरा दिसला, त्याला लावलं.”

कासमचं हसू पहिल्यांदाच गेलं. “म्हणजे यूसुफच्याला?”

“यूसुफच्याला. कपाटातल्या कोटाचा खिसा रेशमी आहे, आणि यूसुफने तर मांजरपाट लावला होता. म्हणजे मिलानचा कोट कपाटातून हललाच नाही. गेला तो यूसुफचा. आणि तो घालून साहेब जगाला खांदा दाखवत हिंडले.”

“तरी मी म्हणत होतो,” जाफरभाई म्हणाले.

अब्बासने हे सगळं इंग्रजीत सांगितलं. रिनाल्दी आधी लाल झाले. मग त्यांनी कोट उतरवला, दोन्ही टेबलावर आडवे घातले, चष्मा लावला. बाह्या, कॉलर, काजं. एकदा त्यांनी डावा उचलला, एकदा उजवा. शेवटी मांजरपाट अंगठ्याने चोळून बघितला आणि यूसुफकडे गेले.

“उस्ताद,” ते म्हणाले. हा शब्द त्यांनी कुठे ऐकला होता कोण जाणे. “मी तीस वर्षं हा कोट घालतो. मला कळलं नाही. उद्याची परीक्षा रद्द. ती आज झाली.”

कागदावर तिथेच सही झाली. अब्बासने टाय सैल केला. यूसुफने शहरबानूंचे दोन्ही हात धरले आणि परवा बोट किती वाजता लागते, हे त्यांनाच दोनदा विचारलं.

“दुपारी दोनला,” त्या म्हणाल्या. “तिला आधी माझ्याकडे जेवायला आण. आणि रडू नकोस, कागद भिजेल.”

रिनाल्दींनी टाळ्या वाजवल्या. कासमनेही वाजवल्या. रत्नागिरी जिल्ह्यातून खुद्द मिलानच्या तोडीचा माणूस निघाला होता, आणि ते सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं.

जाफरभाई पुढे झाले. घसा खाकरला. यूसुफच्या खांद्यावर हात ठेवला.

“यूसुफमियाँ,” ते गंभीरपणे म्हणाले, “आता तुम्ही इंटरनॅशनल झालात. तर एक काम होतं. माझ्या पायजम्याची नाडी आत गेलीय. ओढून द्याल?”