सगळे तुकडे ओळीत

पाचव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि आतल्या उंच, घामाघूम माणसाने समोर उभ्या असलेल्या तिलाच विचारलं, “फाइल सिस्टमवाल्या मॅडम... कुठे बसतात?”

“मीच ती. का हो?”

त्याने हातातली डिस्क पुढे केली. “तुमच्या नव्या कोडने ही साफ केली.”

डिस्कवर टेस्टिंग विभागाचं लेबल होतं. म्हणजे हा तिसऱ्या मजल्यावरचा टेस्टर! सहा महिने दोघांचं मेलवर बोलणं चालू होतं, त्याचं तोंड मात्र ती आज पहिल्यांदाच पाहत होती. फाइल वाढत गेली की तिचे तुकडे डिस्कभर विखुरतात. ते शेजारीशेजारी राहावेत म्हणून तिने लिहिलेला नवा कोड पुढची जागा आधीच राखून ठेवायचा. आणि त्याच कोडने कुठली फाइल कुठे आहे, ती यादीच पुसून टाकली होती.

“टेस्टच्या मशीनवर स्वतःचं काही ठेवायचं नसतं, कळतं मला,” तो म्हणाला. “पण तुमच्या कोडवर भरवसा होता... आत्याचा आवाज होता यात. घशाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचा. आता ती बोलू शकत नाही.”

यादी गेली तरी फाइलचे तुकडे डिस्कवर असणारच होते. डिस्क जोडून ती कामाला बसली. तो खुर्ची ओढून शेजारी. जेवायचंही दोघांना सुचलं नाही. दुपारी आत्याच्या फाइलची सुरुवात सापडली. पुढचा तुकडा... लगेच शेजारी. त्याच्या पुढचा, त्याला लागूनच!

“अहो, सगळे ओळीत आहेत!” ती ओरडलीच. “जुन्या कोडने हजार ठिकाणी फेकले असते!”

“म्हणजे मारणाऱ्याही तुम्ही, तारणाऱ्याही तुम्हीच.”

नीट वाजतंय का पाहायला तिने बटण दाबलं.

“अरे बाबा,” एक खरखरीत, मिश्कील आवाज खोलीभर घुमला, “उठता-बसता त्या फाइलवालीचं पुराण! तिचे मेल वाचून एकटाच हसतोस. दोन मजले चढवत नाहीत का रे तुला?”

त्याने झडप घालून आवाज बंद केला. कानाच्या पाळ्या लालबुंद. ती थिजलीच... बोटं कीबोर्डवर तशीच अधांतरी.

“यात काय आहे ते... ठाऊक होतं तुम्हाला?”

“शब्दन् शब्द. लिफ्टमध्ये उगाच घाम फुटला नव्हता.”

हात पुढे करून तिने पुन्हा बटण दाबलं.

“—विचारून टाक एकदा,” आत्या म्हणत होती. “नाही म्हणाली तर म्हणू दे!”

“आत्यांना सांग,” स्क्रीनवरची नजर न हलवता ती पुटपुटली, “फाइलवाली ‘नाही’ म्हणाली नाही, म्हणावं.”

आता थिजायची पाळी त्याची होती.