बारक्याचे राहिलेले गेम

आधीच सांगते, ही गोष्ट मला कुणी फॉरवर्ड केलेली नाही. माझ्या सख्ख्या आतेबहिणीच्या घरात घडली आहे. खरं तर अजून घडतेच आहे.

पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या. मी काही कुणाच्या गळी उतरवायला बसलेली नाही.

आणि यात रात्रीबिरात्री काही नाही. सगळं भर दुपारी, लख्ख उजेडात.

घर टायरच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. बाहेरची खोली, स्वयंपाकघर आणि एक आतली खोली, बस्स. खाली दिवसभर नट खोलायचं मशीन किरकिरतं, हवा भरायचा पंप धडधडतो. दुपारी मात्र दुकानदार शटर अर्धं ओढून झोपतो. तेवढा वेळ सगळी इमारत चिडीचूप असते.

आतेबहीण चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. स्वतःच्या नाकावरही जाड भिंगं. म्हणून धाकटा भाऊ तिला लहानपणापासून "ढापणे" म्हणतो. ताई म्हण रे, ताई म्हण, असं सांगून सांगून आत्या थकली.

त्या भावाला आम्ही सगळे बारक्या म्हणतो. चौकटीला डोकं लागेल एवढा उंच, पण घरात धाकटा, म्हणून बारक्या. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायचा. कामावरून आला की बूट एकीकडे, पिशवी दुसरीकडे, आणि स्वारी आतल्या खोलीत टीव्हीसमोर.

व्हिडिओ गेम हे त्याचं वेड.

पण एक खोड होती. गेम शेवटच्या लढाईपाशी आला की ह्याचं घोडं अडायचं. तो तसाच ठेवायचा आणि नवा आणायचा. अर्धवट राहिलेल्या गेमचे खोके टीव्हीखाली जमिनीवर रचलेले. पुरा झालेला असेल तोच वरच्या फळीवर चढायचा. फळी जवळजवळ रिकामीच होती.

मग बातमी आली की त्यातल्या बऱ्याच गेमचे पुढचे भाग येणार आहेत. झालं! गड्याने भीष्मप्रतिज्ञा केली.

"ढापणे, नवीन भाग यायच्या आत हे सगळे निकालात काढणार. पहिल्याचा शेवट बघितल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, म्हणजे नाही."

"आधी ताटात टाकलेलं संपव," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात तो कामावर लिफ्टच्या खड्ड्यात पडला.

डोक्याला मार. श्वास चालू, डोळे मिटलेले. डॉक्टर म्हणाले, "बोलत राहा त्याच्याशी. त्याच्या आवडीचं काहीतरी बोला."

आत्या दिवसभर त्याच्या उशाशी. आतेबहीण सकाळी दुकानात, दुपारी घरी येऊन अंघोळ आणि दोन घास, संध्याकाळी हॉस्पिटल. जीव टांगणीला लागलेला, पण हातपाय हलवत राहायचं. दुसरं करणार काय?

एका दुपारी तिची नजर त्या खोक्यांवर गेली.

तिने ठरवलं, आपण खेळायचं. खेळायचं, आणि संध्याकाळी त्याला जाऊन सांगायचं.

आयुष्यात कधी कंट्रोलर हातात धरला नव्हता. त्याचा सगळ्यात लाडका गेम पहिल्यापासून लावला. लाल शाल पांघरलेला एक वाटसरू, डोंगर, दऱ्या, एक मोडका पूल. तिचा वाटसरू भिंतीला नाक लावून चालत राहायचा. पुलावरून तर इतक्यांदा पडला की तिलाच त्याची दया आली.

"तुझ्या माणसाला मी पुन्हा दरीत टाकलं रे," ती हॉस्पिटलमध्ये सांगायची. "शिव्या दे मला. ऊठ आणि शिव्या दे."

तो हलायचा नाही.

अशाच एका दुपारी तिने टीव्ही लावला. गेम सुरू केला.

आणि...

वाटसरू पुलाच्या पलीकडे उभा होता.

तिला वाटलं, आपणच केलं असेल आणि विसरलो. झोप नव्हती, डोकं ठिकाणावर नव्हतं. पण पूल ओलांडता येणं तिच्या बापजन्मात शक्य नव्हतं, हेही तिला ठाऊक होतं.

पुढच्याच दिवशी ती स्वयंपाकघरात पोळी गुंडाळून खात उभी होती. खालचं दुकान झोपलेलं. घरात ती एकटी. किल्ल्या दोनच, एक तिच्याकडे आणि एक आत्याकडे.

आतल्या खोलीतून आवाज आला...

खट. खट. खटखटखट.

बटणांचा आवाज. वर्षानुवर्षं भिंतीपलीकडून ऐकलेला.

तिचा घास तोंडातच राहिला.

मग एक क्षण काहीच नाही. आणि मग...

"च्च."

हरला की बारक्या असाच जीभ टाळूला लावून आवाज करायचा. दुसरं कुणी तसं करत नाही. निदान आमच्या घरात तरी नाही.

ती धावत आत गेली. खोली रिकामी. टीव्ही चालू. कंट्रोलर गादीवर पडलेला.

तिने तो उचलला. कोमट होता.

आणि टीव्हीखालचा एक खोका वर फळीवर गेला होता.

मी तिला विचारलं, "तुझी पाचावर धारण बसली असेल ना गं?"

"नाही गं," ती म्हणाली. "मला रडूच फुटलं. मला वाटलं, आला. घरी आला."

मला तिचा राग आला होता तेव्हा. आधी फोन तरी करायचास मला! पण खरं सांगू, तिच्या जागी मी असते तर मीही कुणाला सांगितलं नसतं.

त्यानंतरच्या दुपारी तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दुपारी होत्या, असं ती म्हणते. हॉस्पिटलमध्ये तो लाकडासारखा पडलेला आणि इथे गादी एका बाजूने दबलेली. ती शेजारी बसायची. आत जाताना चहाचे दोन कप भरायची. दुकानातल्या गमती सांगायची, एका गिऱ्हाइकाने चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला वगैरे. पडद्यावर कुणी न दिसणारं खेळत असायचं. गेम संपला की शेवटी नावं येतात, ती बारक्या नेहमी सगळी बघायचा. एवढी माणसं राबली, निदान नावं तरी बघावीत, म्हणायचा. आताही शेवटचं नाव जाईपर्यंत टीव्ही बंद व्हायचा नाही.

आणि पुढच्या दुपारी तो खोका फळीवर असायचा.

तिच्या लक्षात यायला वेळ लागला. लागणारच.

पहिला खोका फळीवर गेला त्या संध्याकाळी त्याला ताप चढला होता. पुढचा गेला तेव्हा फुप्फुसात पाणी झालं. मग श्वासाचं मशीन लागलं. मग मूत्रपिंडं थकली.

एका संध्याकाळी डॉक्टरांनी आत्याला बाहेर बोलावलं. "जवळच्या माणसांना कळवून ठेवा," म्हणाले.

आत्या तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

आतेबहिणीच्या डोळ्यांसमोर मात्र ती फळी आली. भरत चाललेली फळी. ज्या गोष्टी राहिल्या होत्या म्हणून तो इथे अडकला होता, त्याच तो भराभर उरकत होता. आणि ती शेजारी बसून टाळ्या पिटत होती.

दुसऱ्या दुपारी ती पोचली तेव्हा जमिनीवर एकच खोका उरला होता.

आणि तोच गेम चालू होता. लाल शालवाला वाटसरू एका मोठ्या दारातून आत शिरला होता. समोर शेवटची लढाई.

खटखट. खटखटखटखट.

"बारक्या, थांब."

बटणं थांबली नाहीत.

"अरे, थांब ना! हा राहू दे. तुला पुढचा भाग बघायचाय ना? आई तिथे बसलीय रे. मी तिला काय सांगू?"

बटणं आणखी जोरात वाजू लागली. तो कधी कुणाचं ऐकायचा? आयुष्यात नाही. पडद्यावरचा राक्षस गुडघ्यांवर आला.

तिने भिंतीतला प्लग उपटला.

पडदा काळा झाला. आणि अगदी तिच्या कानाशी...

"च्च."

मग काहीच नाही. गादी हळूच वर आली, जणू कुणी उठलं.

फोन वाजला. आत्या होती. रडत होती की हसत होती, कळत नव्हतं.

"अगं, डोळे उघडले! त्याने डोळे उघडले गं!"

गोष्ट इथे संपली असती तर मी सगळ्यांना पेढे वाटले असते.

तो घरी आला. अशक्त, पण स्वतःच्या पायांवर. आत्याच्या जीवात जीव आला. डॉक्टरसुद्धा चकित.

पहिल्याच सकाळी आतेबहीण त्याच्यासाठी चहा घेऊन गेली. त्याने कप दोन्ही हातांनी घेतला.

"थँक्यू, ताई," तो म्हणाला.

ताई.

आत्याने कौतुकाने माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा तिथे होते. आतेबहिणीचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

तो आता चादरीची घडी घालतो. बूट जोडीने ठेवतो. पूर्वी शिवतही नव्हता ती कारल्याची भाजी मागून खातो. कधी चिडत नाही. हसतो, पण कुणीतरी हसलं की मग हसतो.

"मेंदूला मार आहे," डॉक्टर म्हणाले. "काही गोष्टी विसरेल. स्वभाव बदलू शकतो. घाई करू नका."

तिने स्वतःला हजार वेळा हेच बजावलं. आजारी भाऊ आहे, सांभाळून घ्यायचं. परका काय मानतेस, लाज वाटायला हवी.

त्या वाटसरूच्या गेमचा पुढचा भाग बाजारात आला. तिने त्याच दिवशी आणला आणि त्याच्या हातात ठेवला. त्याने खोका उलटसुलट केला.

"हे कशाचं असतं, ताई?"

आणि नीट टेबलाच्या कडेला लावून ठेवला.

तो आतल्या खोलीत जात नाही. बाहेरच्या खोलीत झोपतो, त्या बंद दाराकडे तोंड करून.

मग एक दुपार आली. खालचं शटर ओढलेलं. तो बाहेर खुर्चीत बसलेला, हात मांडीवर. आत्या डुलकी घेत होती. आतेबहीण कपडे वाळत घालत होती.

आतल्या खोलीतून...

खट. ... खट.

सावकाश. कुणीतरी अंधारात चाचपडल्यासारखं.

तिने वळून बाहेरच्या खोलीत बघितलं. तो खुर्चीतच होता. तोही ऐकत होता.

ती आत गेली. दार लावून घेतलं. प्लग तिने उपटला होता तसाच जमिनीवर पडलेला. तिने तो लावला.

पडदा उजळला. वाटसरू त्या मोठ्या दाराच्या बाहेर उभा होता. लढाई पुन्हा पहिल्यापासून.

"बारक्या?"

गादी हळूच एका बाजूने दबली.

"च्च."

ती रडली. पोटभर रडली. तोंडावर उशी दाबून, कारण बाहेर आत्या होती. आत्याला काय सांगायचं? तुझा मुलगा परत आलेला नाही? मी त्याला मध्येच तोडलं, आणि भलतंच कुणीतरी तुझ्या पोराचे कपडे घालून आलं?

आणि हे सगळं तिच्या डोक्याचे खेळ असतील तर? मग ती आपल्याच भावाला उंबऱ्याबाहेर ठेवतेय.

हेच तिला झोपू देत नाही.

आता ती रोज दुपारी आत बसते. एक कंट्रोलर तिच्या हातात, दुसरा शेजारी गादीवर. ती त्या दारात शिरत नाही. वाटसरूला मागे फिरवते. जुन्या गावांतून, जुन्या डोंगरांवरून नुसतं हिंडवते. पुढे गेलं तर तो जाणार. गेमचं मशीन बंद ठेवलं तर तो तिथे अंधारात एकटा. आत्याला वाटतं, पोरीला भावाचं वेड लागलं.

मागच्या आठवड्यात मी गेले होते. चहा त्यानेच केला. छान केला होता. आत्या शेजारी भाजी निवडत होती. आतून बटणांचे आवाज येत होते... एकाचे नाही, दोघांचे.

तो माझ्याकडे झुकला.

"तू सांग ना तिला," तो म्हणाला. "एकच तर राहिलाय. संपवून टाक म्हणावं. मग मला त्या खोलीत झोपता येईल."

किती राहिलेत, हे तिने माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

"खरंच गं," आत्या म्हणाली. "किती दिवस बाहेर झोपायचं बिचाऱ्याने?"

"सांगते," म्हणाले मी. आणि कप तसाच ठेवून आत गेले, दार लावलं, आतेबहिणीच्या शेजारी बसले. मध्ये एका माणसाची जागा सोडून.

मी तिला काहीच सांगितलं नाही. आत्याचे रोज फोन येतात, बोललीस का तिच्याशी? मी काहीबाही सांगून वेळ मारून नेते.

काल आत्याच्याच नंबरवरून पुन्हा फोन आला. मी उचलला. पलीकडे आत्या नव्हती.

"ताई," तो शांतपणे म्हणाला, "काय ठरलं मग?"

मी फोन ठेवून दिला. आत्ता हे लिहितानाही तो वाजतोय.