चार इंचांवर

जन्माच्या तिसऱ्या दिवशी दुपारी पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कोंडीरामला त्याच्या मेलेल्या बाळाचा एक्स-रे दाखवला. साल अठ्ठ्याहत्तर. अन्ननळी वरच बंद होती, पिशवीसारखी. आत घातलेली रबरी नळी चार इंचांवर अडली होती.

"जन्मतःच होतं हे. पहिल्या दिवशी आणलं असतंत, तर ऑपरेशन करून पाहिलं असतं. दूध कुणी पाजलं? सगळं फुप्फुसात गेलंय."

कोंडीराम चिंचवडच्या कारखान्यात नळ्या तपासायचा. प्रत्येक नळीतून गज सारायचा, अडला की ती नळी बाजूला. पोराच्या तोंडाला फेस येतोय, पाजलं की ते निळं पडतंय, हे त्यानं पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. "दवाखान्यात नेतो," म्हणालाही होता. पण बायको जाईबाई बाळंतपणातच गेलेली, घरात सुईण सोजरबाईचा शब्द चाले. बोंडल्यात दूध ओतत ती हसली होती.

"तुज्या कंपनीतला नग हाय व्हय रं, तपासायला? आळशी हाय पोरगं."

आणि त्यानं ऐकलं होतं.

आठवड्यानं तो रहाटणीला तिच्या ओट्यापाशी गेला. ती चहा पीत होती.

"चार इंचांवर अडलं होतं, सोजरबाई. तुम्ही पाजतच राहिलात."

"आतलं मला काय ठावं?" ती म्हणाली आणि तिला ठसका लागला.

त्या दिवसापासून तिला भाकरी उतरेना. मग चहा. मग थुंकीही. ओठांवर सतत फेस. सुनेनं, नीलानं, दवाखान्यात नेलं. तिथं रबरी नळी सरळ पोटात गेली. वाट मोकळी होती.

दोन महिन्यांनी नीला कोंडीरामच्या दारात आली. "भाऊ, एकदा या. तुमचंच नाव घेतात."

तो गेला. नीलानं सासूला चमचाभर पाणी पाजलं. घोट अडला. नाकातून परत आला.

पांढरा.

नीलानं पदरानं टिपलं. वास दुधाचा होता, आंबूस.

"दोन म्हयने घरात दूध आणलंच न्हाई आमी," ती हळू म्हणाली.

सोजरबाईनं हात जोडले. "माफ केलं म्हण, लेकरा. मग उतरंल."

कोंडीरामनं नीलाच्या हातातून चमचा घेतला आणि पुन्हा भरला.

आता दर गुरुवारी, कारखान्याला सुट्टी असते तेव्हा, तो रहाटणीला जातो. पाणी स्वतः पाजतो. ही बाई इतके दिवस जगायलाच नको होती, असं डॉक्टर म्हणतात.

माफ केलं, असं तो अजून म्हणालेला नाही.