बोळातली होडी

दहा फूट रुंद आणि साठ फूट लांब! अशी चिंचोळी घरं समुद्राच्या तोंडावर इतकी वर्षं टिकली कशी? हे कोडं शलाका तांडेलला कधी पडलं नव्हतं. ते पडलं मोजू नावाच्या यंत्रमानवाला.

सन २०६१ मधली गोष्ट. किनारा मंडळाने मोजूला कोळीवाड्यात पाठवलं होतं. बावीस घरं मोजून तो म्हणाला, "घरं फार अरुंद. मधले बोळ बुजवा, सगळी घरं जोडून एक भिंत करा. नाहीतर तुम्हाला शहरात हलवावं लागेल. माझा अहवाल संध्याकाळी जाईल."

शलाकाने हे आपल्या दारातून ऐकलं. पुढच्या दारात उभं राहिलं की मागच्या दारातून समुद्र दिसणारं घर सोडायचं? ती धावत हेमांगी आत्याकडे गेली. आत्या लाटांची शास्त्रज्ञ, पण वाड्याला कुणी नावं ठेवली की तिचा पारा चढलाच!

"आन ती मोठी परात," आत्या म्हणाली. "आनि काड्यापेट्या. नुसतं सांगून काय होनार? दाखवूया त्याला!"

अंगणात मोजूसमोर प्रतिकृती (लहान नमुना) तयार झाली. परातीत वाळू, वाळूवर काड्यापेट्या, एका बाजूला पाणी. आधी पेट्या आडव्या, एकमेकींना चिकटवून ठेवल्या. आत्याने फळीने लाट ढकलली. सगळी भिंत धाडकन कोसळली!

"पाण्यासमोर जेवढी रुंद बाजू, तेवढा पाण्याचा जोर जास्त," आत्या म्हणाली. "हे सन्मुख क्षेत्रफळ (वाहत्या पाण्यासमोर येणारा भाग)."

आता पेट्यांची अरुंद बाजू पाण्याकडे, आणि मधे बोळ. लाट आली, बोळांतून निघून गेली. पण एक पेटी पडलीच. नेमकी शलाकाच्या घराची!

"म्हणजे अरुंद घरंही पडतात," मोजू म्हणाला.

शलाका रडकुंडीला आली. तिने वाकून पाहिलं. घराशेजारच्या बोळात तिनेच कागदी होडी अडकवली होती, कारण बाबांची होडी खरोखरच तिथे होती.

"आत्या, होडीनं पाणी अडवलं! तुंबलं आणि आपल्या भिंतीवर चढलं!"

तिने होडी उचलली. पुन्हा लाट. एकही पेटी हलली नाही.

शाब्बास! आत्याने तिला जवळ घेतलं. दर वर्षी पावसाआधी वाड्यातल्या म्हाताऱ्या सगळे बोळ रिकामे करायला लावत, साधी घागरसुद्धा ठेवू देत नसत. "दर्याला वाट ठेवा," म्हणत. आत्याने हे मोजूलाही सांगितलं. किती बारकाईने समुद्र पाहिला असेल या बायकांनी! फक्त बाबा तीन वर्षं म्हणत होते, "उद्या काढतो होडी."

"सगळे बोळ मोकळे असतील, तर घरं इथेच राहतील," मोजू म्हणाला. सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं.

बाबांनी डोकं खाजवलं. "उद्या सकाळी..."

"दादा, आज!" आत्या ओरडली.

बावीस घरांतली माणसं दोराला लागली. मोजूही लागला आणि चाकांपर्यंत वाळूत रुतला. आधी होडी निघाली, मग मोजूला ओढावं लागलं.

रुतल्या रुतल्याच त्याने अहवाल पाठवला होता: 'ही घरं हलवू नयेत. किनाऱ्यावरच्या नव्या वस्त्या अशाच बांधाव्यात. आधी इथल्या म्हाताऱ्यांना विचारावं.'

शलाका मोकळ्या बोळात जाऊन उभी राहिली. तीन वर्षांनी तिथून समुद्र दिसत होता. तिच्यामागे बाबा आले, हातातली घागर बोळात ठेवायला वाकले, आणि गुपचूप ती उचलून घरात घेऊन गेले.