माश्या गुडघ्यापर्यंत आल्या

माश्या मारणं हा माझा धंदा आहे आणि हे मी विनोदाने सांगत नाही. अकात्लान गावात पाठीवर फवारणीची टाकी अडकवून हिंडणारा क्रिस्पीन म्हणजे मी. आमच्या धंद्यात एकच गोष्ट पक्की असते: माशी विनाकारण येत नाही. काहीतरी सांडलेलं असतं, कुजलेलं असतं किंवा मेलेलं असतं. ते शोधायचं आणि पुरायचं. फवारणी नुसती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

मंगळवारी सकाळी आमच्याच बाहेरच्या खोलीत माश्या आल्या. जानेवारी, कोरडी हवा, दार-खिडक्या बंद. असतील दोनशेक. त्या उडत नव्हत्या. खोलीच्या मधोमध, वीतभर अंतरावर, दोन पुंजके करून फरशीवर बसल्या होत्या. उजवीकडचा पुंजका जरा बाहेर वळलेला.

"तुझ्याच घरात?" बाल्तासारकाका दारातूनच म्हणाले. "लेका, तुझ्या हातची फवारणी झालीय माझ्या बेकरीत. काय खपवलंस मला, साखरेचं पाणी?"

शनिवारी अकरा वाजता बाल्तासारकाकांचं माझ्या आईशी लग्न होतं. त्यामुळे त्यांना याहून जास्त काही बोलता येत नव्हतं, आणि मला तर अजिबातच नाही. त्यांनी पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणून चौकटीला टांगल्या. गावात सगळेच टांगतात. पाण्यात आपलंच मोठं रूप बघून माश्या घाबरतात म्हणे. आमच्या माश्यांनी वर बघितलंही नाही.

माश्या बसल्या त्या जागेबद्दल सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी माझे बाबा, सातुर्निनो, भांडी घासायला न्यूयॉर्कला गेले. दोन वर्षं फोन आले, मग बंद. आईने लग्नाचं विचारल्यावर पाद्री म्हणाले, आधी नवऱ्याचे नऊ दिवस रीतसर करा, आणि लग्नाच्या सकाळी माझ्यासमोर शपथ घ्या की तो माणूस या जगात नाही. आता आमची आई अशी, की शेजारणीला 'कालवण छान झालं होतं' असं खोटंच म्हटलं तरी रविवारी पाद्र्यासमोर गुडघे टेकून कबूल करते.

आमच्याकडे मेलेल्या माणसाखाली फरशीवर चुन्याचा क्रूस काढतात. नऊ संध्याकाळी प्रार्थना होते. नवव्या दिवशी तो क्रूस तुकड्यातुकड्याने, गाणी म्हणत, पायाकडून डोक्याकडे उचलतात आणि डबीत भरून थडग्यात पुरतात. क्रूस उचलला की माणूस गेला. तोवर तो घरातच असतो. बाबांचं शरीर नव्हतं, म्हणून आम्ही त्याच जागी, चुन्यावर त्यांची शर्ट-पँट अंथरली. सोमवारी क्रूस उचलला. पायाकडचा तुकडा मी उचलला.

अडचण एवढीच होती, की बाबा जिवंत होते.

सप्टेंबरात त्यांनी मला फोन केला होता. "काही नाही रे, आवाज ऐकावासा वाटला," म्हणाले. तिकडे मार्लेने नावाची बाई होती, संसार होता. "तुझ्या आईला बोलू नकोस." मी बोललो नाही. मुलाने वडिलांचं ऐकावं. शिवाय आई स्वयंपाक करताना पुन्हा गुणगुणायला लागली होती, आणि ते गुणगुणणं बंद पाडण्याची माझी छाती नव्हती.

मी धंद्याप्रमाणे शोधलं. मोरी उपसली. छपराखाली मेलेला उंदीर नाही, फरशीखाली ओल नाही. फवारलं, तर माश्या नुसत्या ओल्या झाल्या. झाडूने लोटल्या, तर शिस्तीत उठून परत आपापल्या जागी बसल्या.

बुधवारी त्या गुडघ्यापर्यंत आल्या.

म्हणजे तोवर मला कळलं नव्हतं की ते पाय आहेत. आता दोन पोटऱ्या होत्या, आणि उजवं पाऊल बाहेर फिरलेलं. बाबा तरुणपणी ट्रकवरून पडले, तेव्हापासून त्यांचं उजवं पाऊल तसंच पडायचं.

गुरुवारी दुपारी माश्या कमरेपर्यंत होत्या. मी क्लेओफासमावशीकडे गेलो. गावातल्या सगळ्या मयतांच्या प्रार्थना तीच म्हणते. ती शेंगा सोलत बसली होती.

"मावशी, उचललेला क्रूस परत मांडता येतो का?"

तिचे हात थांबले. "का रे?"

"असंच."

"असंच कोणी विचारत नाही, क्रिस्पीन. सातुर्निनो मेलाय ना?"

मी शेंगांकडे बघत राहिलो.

"अरे देवा," ती म्हणाली. "आणि मी नऊ दिवस घसा फोडला." मग हातातली शेंग खाली ठेवून, हळू आवाजात, "परत मांडता येतो. पण जिने उचलायला लावला, तिनेच मांडायला हवा. तिच्या हाताने. आणि लवकर. आपण त्याला उचललंय, आता तो कुठेतरी पोचणारच."

बाहेर येऊन मी न्यूयॉर्कला फोन लावला. मार्लेनेने उचलला.

"बरा आहे. जेवतोय, हसतोय," ती म्हणाली. "फक्त मंगळवारपासून पाय हलत नाहीत. आज कंबरही. डॉक्टर म्हणतात, काही सापडत नाही." तिने आवाज खाली आणला. "तुम्ही तिकडचे आहात म्हणून विचारते. इथे बाहेर गुडघाभर बर्फ आहे. खिडक्या दोन महिने उघडलेल्या नाहीत. माश्या कुठून येतात?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी हाकलायला गेले तर तो चिडतो. म्हणतो, राहू दे, घरच्या आहेत."

मी किलोभर चुना घेतला आणि धावत घरी आलो. आई लग्नाच्या तामालेसाठी, म्हणजे पानात वाफवलेल्या मक्याच्या वड्यांसाठी, मका निवडत होती. मी सगळं सांगितलं. सप्टेंबरातला फोन, मार्लेने, बर्फ. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"माहितीये," ती म्हणाली.

"काय माहितीये?"

"तो जिवंत आहे ते. आठ वर्षं झाली. त्या बाईने फोटो पाठवला होता. दोघं कुठल्याशा पुलावर उभे. त्याने टोपी उलटी घातली होती, माकडासारखी."

"मग नऊ दिवस कशाला केले?"

"अकरा वर्षं मी या गावात ना सवाष्ण ना विधवा. मला काहीतरी एक व्हायचं होतं."

"आई, तो मरतोय! शनिवारपर्यंत पोचतील त्या डोक्यापर्यंत. तू क्रूस परत मांडलास तर..."

"तर तो बरा होईल. आणि मी?"

मी चुन्याची पिशवी पुढे केली.

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. पाण्याचं मोठं पातेलं चुलीवर उकळत होतं. तिने त्यात चुना सोडला, वर मका ओतला आणि लाकडी पळीने ढवळलं.

"बरं झालं आणलास," ती म्हणाली. "मका चुन्यातच शिजवायचा होता. घरातला संपलाय, तुझ्या बापावर."

शुक्रवारी माश्या छातीपर्यंत आल्या. आईने त्यांना वळसा घालून फरशी पुसली. बाल्तासारकाका शर्टाचं माप देऊन गेले. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी फरशीकडे बघितलं, आणि दोघंही हवेबद्दल बोललो.

शनिवारी सकाळी एकही माशी नव्हती.

फरशी लख्ख. पहिल्यांदा मला वाटलं, सुटलो. मग फोन वाजला.

"सगळ्या आल्या," मार्लेने म्हणाली. ती रडत नव्हती. रडून झालेल्या माणसासारखी बोलत होती. "चेहराच दिसत नाही. पण बोलतोय आतून. तुमच्या आईला विचारतोय."

मी फोन आईपुढे धरला. आई आरशासमोर होती. निळा झगा, केसांत फुलं. ती खरंच सुंदर दिसत होती. तिने फोन कानाला लावला. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. नुसती गुणगुण, कितीतरी पंखांची. ती ऐकत राहिली. मग पलीकडे पुन्हा मार्लेने आली असावी, कारण आईने विचारलं,

"अजून श्वास चालू आहे?"

भात शिजला का, असं विचारावं तसं.

"बरं. बंद झाला की एकदा कळव, बाई. तुलाही त्रास झाला."

तिने फोन टेबलावर ठेवला. दाराबाहेर बाल्तासारकाका नव्या शर्टात, घामाघूम, उभे होते. चर्चची पहिली घंटा झाली होती.

"बाल्तासार," आई म्हणाली, "पाद्र्यांना सांगून या, अर्धा तास उशीर होईल. शपथ खोटी नको."

ते गेले. त्यांनी काही विचारलं नाही. मला दार उघडून ओरडत जाता आलं असतं. मी खुर्चीवर बसलो.

आई माझ्यासमोर बसली. आम्ही दोघं फोनकडे बघत होतो. वीस मिनिटांनी तो वाजला. आईने उचलला नाही. वाजून वाजून तो थांबला, तेव्हा ती खाली वाकली आणि तिने बूट घातले.